एकशे वीसला वाजणारं झाकण

माझी गाडी ताशी एकशे दहापर्यंत अगदी सभ्य होती. एकशे दहाला ती जराशी घसा खाकरायची, एकशे पंधराला स्टिअरिंग तळहातांना गुदगुल्या करायचं, आणि एकशे वीसला माझ्या बायकोच्या मांडीवरच्या बटाट्याच्या सॅलडच्या भांड्याचं झाकण वाजायला लागायचं. हा शेवटचा शोध बायकोचा, म्हणजे गुडरूनचा. मी एकतीस वर्षं वजनमापं खात्यात काढलेला माणूस. खाटकाचा तराजू, पेट्रोल पंपाचं मीटर, बाजारातल्या बाईची किलोची वजनं, सगळं तपासून शिक्का मारायचा हे माझं काम. असल्या माणसाला सॅलडच्या झाकणावरून निदान करावं लागावं, ही नामुष्कीच. पण खरी नामुष्की पुढे आहे. मध्येमध्ये मी फाटे फोडीन, ते मुद्द्यावर यायचं जिवावर येतंय म्हणून, एवढं सांभाळून घ्या.

हे सगळं सुरू झालं ईस्टरच्या सोमवारी. गुडरूनची बहीण उल्म शहराच्या पलीकडे राहते. दर ईस्टर सोमवारी तिच्याकडे जेवण असतं, गुडरून सॅलड नेते आणि बहीण पहिला घास घेऊन "यंदा व्हिनेगर जरा सढळ हातानं पडलंय, नाही?" असं विचारते. हे बावीस वर्षं चालू आहे. तर महामार्गाला लागलो, मोकळा रस्ता मिळाला, मी पाय दाबला.

"लोथार, झाकण वाजतंय," गुडरून म्हणाली.

"मग घट्ट लाव की."

"घट्टच आहे. गाडी थरथरतेय."

मी वेग कमी केला. झाकण गप्प. वाढवला, झाकण सुरू. असं चार वेळा केलं, तेव्हा मागच्या गाडीवाल्यानं दिवे मारमारून मला माझी लायकी सांगितली. आणि त्याच क्षणी मला कारण कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं, आणि ते वाटणंच भोवलं.

कारण साधं होतं. दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी, गाडीची चाकं बदलली होती. आमच्याकडे बर्फासाठी वेगळी चाकं असतात, ती हिवाळ्याची काढून उन्हाळ्याची बसवली होती. आणि बसवली होती ट्राउगॉटनं.

ट्राउगॉट आयखेले आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये होता. दर ऑक्टोबरात एकदा आणि दर ईस्टरच्या शनिवारी एकदा तो अंगणात ठाण मांडून इमारतीतल्या सहाच्या सहा गाड्यांची चाकं बदलायचा. एक जॅक, एक बुटकं स्टूल, आणि आतून मखमल लावलेल्या पेटीत ठेवलेला टॉर्क पाना. नट हवा तेवढा घट्ट झाला की हा पाना टक् करून वाजतो. ट्राउगॉट ते टक् ऐकून म्हणायचा, "बास." चाकाला पाच नट, गाडीला चार चाकं, सहा गाड्या. सकाळी सातपासून अंगणात टक्-बास, टक्-बास चालू. पैसे घ्यायचा नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून बियरचा एक क्रेट आणायचा आणि तिथंच उभ्यानं संपवायचा. त्याची बायको हानेलोरे होती तेव्हा ती खिडकीतून दवाखान्यातल्या नर्ससारखी हाक मारायची, "पुढचे!" ती जाऊन सहा वर्षं झाली. आता तो फेब्रुवारीतच अवजारं पुसायला काढतो. वर्षाचे हे दोन शनिवार म्हणजे त्याचं काय होतं, ते आम्ही सगळे जाणून होतो.

चार वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी त्यानं मला 'तू' दिलं. आमच्याकडे ही देण्याची गोष्ट आहे, आणि ती वयानं मोठ्या माणसानं द्यायची असते. त्याआधी एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांना 'तुम्ही' आणि हेर बिंडर, हेर आयखेले, म्हणजे श्रीयुत अमुक, म्हणत होतो. त्या दिवशी त्यानं बाटली माझ्या बाटलीला टेकवली आणि म्हणाला, "मी ट्राउगॉट." त्या संध्याकाळी मी ही बातमी गुडरूनला तीनदा सांगितली.

आता त्याचे हात. वर्षभरापासून त्याचे हात थरथरत होते. फार नाही, पण बाटली तोंडाला लावताना दातांवर हलकेच वाजायची. इमारतीत सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि कुणीही बोललं नव्हतं. आमच्या इमारतीत कुणाच्या कचऱ्यात काय होतं यावरही चर्चा होते, म्हणजे हे न बोलणं केवढं होतं ते लक्षात घ्या.

तर त्या सोमवारी आम्ही परत आलो. ऊन छान पडलं होतं, सगळे अंगणातल्या लांब टेबलाभोवती बसले होते, मध्ये कोकराच्या आकाराचा केक होता आणि कोकराचं डोकं आधीच कुणीतरी खाल्लं होतं. माझं डोकं मात्र तापलेलं. त्यात मेहुणीनं व्हिनेगरवर आणखी दोन वाक्यं जास्त बोलून घेतली होती. गाडीतून उतरतो न उतरतो तोच ट्राउगॉट हसून म्हणाला, "काय लोथार, लोण्यासारखी पळाली ना?"

त्यानं विचारलं नसतं तर! मी हजार वेळा स्वतःला हे सांगितलंय. पण त्यानं विचारलं, आणि मी सगळ्यांच्या देखत, पूर्ण आवाजात म्हणालो, "गाडी थरथरतेय, ट्राउगॉट. आणि का ते मला विचारू नकोस, स्वतःच्या हातांकडे बघ. तुझ्या हातांचं ते चाकांत उतरलंय. या वयात माणसानं दुसऱ्यांच्या जिवाशी खेळू नये."

कुणाचा तरी काटा बशीवर पडला. ट्राउगॉटचे दोन्ही हात टेबलावर होते. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, कुणीतरी परक्यानं विसरून ठेवलेल्या वस्तूकडे पाहावं तसं. मग ते उचलून जाकिटाच्या खिशात घातले.

"बरोबर असेल तुमचं, हेर बिंडर," तो म्हणाला. "तपासून घ्या नीट." आणि घरात गेला.

'तुमचं' म्हणाला तो. दिलेलं 'तू' परत घेतलेलं मी अख्ख्या आयुष्यात दोनदा पाहिलंय, आणि त्यातलं एक घटस्फोटाच्या कोर्टात होतं.

जिन्यात गुडरून भांडं घेऊन माझ्यापुढे चालत होती. दार उघडताना म्हणाली, "सॅलड उरलंय. ते तू खा. मला भूक नाही." ते सॅलड मी तीन दिवस खाल्लं.

बुधवारी सकाळी इमारतीच्या खालच्या सूचनाफळ्यावर चिठ्ठी लागली. 'यापुढे चाकं बदलून दिली जाणार नाहीत. टी. आयखेले.' बस्स. खाली अक्षर किंचित वाकडंतिकडं. मी ती वाचली आणि स्वतःला म्हणालो, झालं ते बरंच झालं, सुरक्षेचा प्रश्न आहे. मनात कुठंतरी टोचत होतं, पण ज्याच्या खात्यात एकतीस वर्षं एक ग्रॅमही इकडचा तिकडे झाला नाही तो माणूस टोचणीवर शिक्का मारत नाही. त्याला पुरावा लागतो. मी ठरवलं, पुरावा मिळवायचा.

गॅरेजला फोन केला. ईस्टरनंतर अख्खा देश चाकं बदलत असतो, त्यामुळे तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. तोवर काय करणार? सल्ले घ्यायला लागलो. तसं मी मागितले नव्हते, पण ते जिन्यातच मिळायचे.

पहिल्या मजल्यावरच्या फ्राऊ फिस्टरर, म्हणजे फिस्टररबाई, इमारतीच्या स्वच्छतेच्या पाळ्या सांभाळतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते, आणि पाटी लटकली की जिना झाडायचा, पुसायचा, फुटपाथसुद्धा झाडायचा. त्यांनी मला पायरीवर गाठून सांगितलं, "रस्ता खराब आहे हो, हेर बिंडर. गाडीचं काही नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि त्या बिचाऱ्याचंही काही नव्हतं." माझ्या हातात केरसुणी होती. मी खाली मान घालून नको तेवढा जिना झाडला.

तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर लिंडहोर्स्ट शेवाळाचे तज्ज्ञ. ते म्हणाले, "मी नेहमी नव्वदनं जातो. नव्वदला थरथरत नाही."

"पण एकशे वीसला थरथरते."

"मग नव्वदनं जा," डॉक्टर म्हणाले, आणि हे निदान इतक्या समाधानानं केलं की मला त्यांच्या शेवाळाची कीव आली.

शेवटी मी स्वतःच नट तपासायचे ठरवले. ट्राउगॉटनं नट ढिले ठेवलेत हे सिद्ध करायला एक साधा पाना पुरेल. उत्साहाच्या भरात मी विसरलो की तो रविवार होता. मी जॅक लावला, पाना घातला, पहिलाच नट जरा कुरकुरला, आणि गॅलरीतून फ्राऊ फिस्टरर कडाडल्या, "हेर बिंडर! आज कोणता वार?" रविवारी आमच्याकडे आवाज करायला बंदी, अंगणात पाना फिरवणं म्हणजे जवळजवळ पोलीस केस. मी जॅक उतरवला. नट घट्ट होता, हेही मला जाता जाता कळलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग झाकणाकडे वळलो. मी एक तक्ता आखला. डाव्या रकान्यात वेग, उजव्या रकान्यात झाकण: शांत, खुसखुसतंय, वाजतंय, उडतंय. पण मोजायला मोकळा रस्ता हवा, आणि आमच्या बाजूच्या महामार्गाचं काम कित्येक वर्षं चालू असल्यानं तिथं शंभरची मर्यादा आहे. गुडरून म्हणाली, "मी येणार नाही." मी म्हणालो, "शास्त्राचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "त्याच्या दाराशी जाऊन माफी मागायचा प्रश्न आहे. अकरा पायऱ्या खाली. त्याला पेट्रोलही लागत नाही." पण आली. भांड्यात सॅलडऐवजी पाणी होतं, बाकी सगळं ईस्टरच्या दिवशीसारखं.

"शंभर," मी म्हणालो.

"शांत."

"एकशे दहा."

"खुसखुसतंय. लोथार, इथं शंभरच आहे हं."

"एकशे एकवीस!"

"वाजतंय! आणि माझ्या स्कर्टवर पाणी सांडलंय!"

तेवढ्यात लख्खकन उजेड पडला. आठवड्याभरात वाहतूक खात्याचं पत्र आलं, सोबत फोटो. फोटोत मी विजयी चेहऱ्यानं एक बोट वर करून बसलोय आणि शेजारी गुडरून भांडं डोक्याइतकं उंच धरून किंचाळतेय. पत्रात विचारलं होतं, 'छायाचित्रातील चालक आपणच आहात काय?' मी सरकारी माणूस, सरकारी पत्राला पोकळ उत्तर देणार नाही. चार पानं लिहिली. तक्ता जोडला. झाकणाच्या वर्तनाचा आलेख जोडला. मोजमाप हे वैयक्तिक सुखासाठी नसून सार्वजनिक सुरक्षेसाठी होतं हे पटवून दिलं. उत्तर आलं, 'झाकणाची नोंद घेतली. दंड भरावा.' एकतीस वर्षं मी स्वतः लोकांना असली पत्रं पाठवली होती. त्या बाजूनं ती कशी वाटतात ते पहिल्यांदाच कळलं, आणि मला बाजारातल्या दोन-तीन बायका आठवल्या, ज्यांची वजनं मी पाच ग्रॅमसाठी जप्त केली होती.

शेवटी गॅरेजची तारीख आली. मुख्य मिस्त्री हेर टुन्जाय, पन्नाशीचे, कपाळावर चष्मा. मी आत शिरलो तो निदान घेऊनच. ते म्हणाले, "थरथरतेय? मग आधी बॅलन्सिंग बघू या."

"बॅलन्सिंगची गरज नाही," मी म्हणालो. "चाकं मी स्वतः हिवाळ्यात घासूनपुसून ठेवली होती. नट चुकीचे बसवलेत. लिहा: नट."

"मी एकदा चाक काढून..."

"लिहा: नट."

आमच्याकडे कागदावर लिहिलंय तेवढंच काम होतं. संध्याकाळी त्यांनी गाडी दिली आणि सांगितलं, "वीसच्या वीस नट अगदी बरोबर होते. ज्यानं बसवलेत त्याला माझा नमस्कार सांगा."

इथं कुठलाही सरळ माणूस घरी जाऊन तळमजल्याची बेल वाजवील. मी नाही वाजवली. मी स्वतःला म्हणालो, नट बरोबर असतील, पण बसवताना त्यानं आत काहीतरी ठोकून वाकवलं असेल. पुढच्या आठवड्यात जाऊन सांगितलं, चाकं धरणारे सस्पेन्शनचे पुढचे आर्म बदला. हेर टुन्जाय म्हणाले, "ते चांगले आहेत." मी म्हणालो, "लिहा: आर्म." त्यांनी सुस्कारा टाकला आणि लिहिलं. आर्म नवे आले. गुडरूनला भांड्यासकट परत गाडीत बसवलं. एकशे वीसला झाकण पूर्वीइतकंच वाजलं. नव्या आर्मचा एकच परिणाम झाला, आता ते जरा सुरात वाजत होतं.

दरम्यान इमारतीत वेगळंच काहीतरी होत होतं. ज्या शेजाऱ्यांच्या गाड्या थरथरत नव्हत्या, तेही पुढच्या ऑक्टोबरसाठी बाहेर तारखा घ्यायला लागले. कुणी वाईट मनानं नव्हे, चिठ्ठीच लागली होती ना. ट्राउगॉट दिसायचा तो पेपर घ्यायला खाली, फाटकापाशी. मी "गुटन मॉर्गन" म्हणायचो, तो हनुवटी हलवायचा. पेपर काखेत धरायचा. दार खांद्यानं ढकलायचा. मला वाटायचं, काय हा ताठा! एवढं काय झालं, एक वाक्य तर बोललो!

तिसऱ्या खेपेला हेर टुन्जाय यांनी कागदच काढला नाही. मला हाताला धरून आत नेलं, गाडी वर उचललेली होती, डावं पुढचं चाक काढून जमिनीवर आडवं ठेवलेलं होतं. "या, वाका," ते म्हणाले. "आत काय दिसतं?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"फारच स्वच्छ आहे. हे बघा, हे चौकोनी डाग दिसतायत? इथं एक, इथं तीन ओळीनं. हे गोंदाचे डाग. इथं वजनं चिकटवलेली असतात, छोटी छोटी, पाच ग्रॅम, दहा ग्रॅम. त्यांनी चाक समतोल राहतं. चारही चाकांची गेलीयेत. आपोआप एवढी पडत नाहीत. कुणीतरी बसून, अगदी प्रेमानं, खरवडून काढलीयेत."

मी तिथंच उकिडवा बसलो.

आता सांगून टाकतो. निवृत्तीनंतरचा तो माझा पहिला हिवाळा होता. मी घरात दिवसभर गुडरूनच्या पाठीमागे फिरून डबे कसे लावावेत ते सांगत होतो. जानेवारीत एके दिवशी ती म्हणाली, "लोथार, खाली तळघरात जा आणि काहीतरी साफ कर." तळघरात उन्हाळ्याची चार चाकं टांगलेली होती. मी ती साबणानं धुतली, ब्रशनं घासली, आणि उलटी केली तर आतल्या कडेला करड्या रंगाचे चपटे तुकडे चिकटलेले. मला वाटलं, कारखान्यात कुणीतरी आळशीपणानं चिकटपट्टीचे तुकडे सोडलेत. दोन दुपारी बसून प्लॅस्टिकच्या उलथण्यानं एकूण एक काढले. त्यांच्यावर बारीक आकडे होते, पाच, दहा, पाच. माझा चष्मा वर राहिला होता, आणि वाटलं, माल क्रमांक असेल. फेकून देणं माझ्या स्वभावात नाही. ते एका जॅमच्या बाटलीत भरले, झाकण लावलं, वर चिठ्ठी चिकटवली: 'किरकोळ धातू. जानेवारी.' सुंदर अक्षरात.

एकतीस वर्षं मी या जिल्ह्यातली वजनं तपासली. लोकांच्या मुठीत लपलेली वजनं पकडली. आणि माझ्या स्वतःच्या हातांनी, जे जराही थरथरत नाहीत, चार चाकांची सगळी वजनं खरवडून बाटलीत भरली.

हेर टुन्जाय यांनी नवी वजनं बसवली, अर्ध्या तासाचं काम. मग टॉर्क पान्यानं नट आवळताना टक् झालं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बास."

"तुम्हाला माहितीये की," ते म्हणाले. "छान असतो हा पाना. धरणाऱ्याचा हात थरथरला तरी हा चुकत नाही."

घरी येताना एकशे वीसला गाडी खरोखर लोण्यासारखी पळाली. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

गुडरून म्हणाली, "आता जा. अकरा पायऱ्या." मी तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. ज्या गोष्टी तोंडानं सांगता येत नाहीत त्यांच्यासाठी आमच्या इमारतीत फळा आहे. मी जाहीर बोललो होतो, तर माफीही जाहीरच हवी, असं मी स्वतःला पटवलं. पूर्ण एक पान लिहिलं. प्रस्तावना, घटनाक्रम, तांत्रिक खुलासा, खेद. लावलं. तासाभरात फ्राऊ फिस्टरर कागद घेऊन दारात उभ्या. "फळ्यावरचा कागद पोस्टकार्डापेक्षा मोठा चालत नाही, हेर बिंडर. नियम तुम्हीच करवून घेतला होता."

खरं होतं. मग मी कात्री घेऊन बसलो. प्रस्तावना गेली. तांत्रिक खुलासा गेला. घटनाक्रम गेला. पोस्टकार्डावर एवढंच मावलं: 'ईस्टर सोमवारी मी हेर आयखेले यांच्या हातांबद्दल जे बोललो ते खोटं आहे. चाकांची वजनं मी स्वतः काढली होती. मला शरम वाटते. लोथार बिंडर.' गुडरूननं वाचलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या लिखाणाला नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेपर आणायला उतरलो तर माझ्या चिठ्ठीखाली पेन्सिलनं एक ओळ लिहिलेली होती. अक्षर इतकं हललेलं की आधी वाटलं भिंतीची भेग आहे. 'हात थरथरतात हे खरं आहे. तेवढी दुरुस्ती करावी. टी. आ.'

तेव्हा कुठं मला दिसलं. काखेतला पेपर. खांद्यानं ढकललेलं दार. हनुवटीनं दिलेला नमस्कार. ईस्टरपासून मी त्या माणसाचे हात एकदाही पाहिले नव्हते. मी ज्याला ताठा म्हणत होतो ते खिसे होते.

मी तळघरात गेलो, जॅमची बाटली घेतली आणि तळमजल्याची बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. ट्राउगॉट लोकरी जाकिटात, हात खिशात.

"या, हेर बिंडर," तो म्हणाला.

"मी चुकलो," मी म्हणालो. प्रस्तावना नाही, घटनाक्रम नाही. "मी तुमच्याशी... मी फार वाईट वागलो. सगळ्यांसमोर. ही ती वजनं. मी काढलेली, म्हणून गाडी एकशे वीसला थरथरायची. मला माफ करा, आणि ऑक्टोबरात अंगणात या. मी सगळ्यांना सांगतो. चिठ्ठी काढून टाका."

त्यानं मान हलवली. "नाही. आता नाही. गेल्या शनिवारी मी घरीच पाना धरून बघितला. पाना टक् म्हणतो, पण तो नटावर बसवायलाच मला तीनदा धडपडावं लागतं. चुकला होतास तू गाडीबद्दल. माझ्याबद्दल फक्त घाई केलीस. अजून एक ऑक्टोबर निघाला असता. कदाचित एक ईस्टरही."

ते 'तू' इतक्या सहज आलं की मला ते दोन वाक्यं उलटल्यावर कळलं. आणि तो एक ऑक्टोबर, तो एक ईस्टर. तो हिशेब माझ्या नावावर होता आणि तो फेडायची कुठलीच सोय नव्हती.

मी बाटली पुढे केली. त्यानं जरा विचार केला आणि खिशातून उजवा हात काढला. बाटली त्याच्या हातात गेली मात्र, आतले तुकडे काचेवर वाजायला लागले, झाकणाखाली, बारीक, न थांबता.

"एकशे वीसच्या पुढे गेलेली दिसतेय," ट्राउगॉट म्हणाला. मग बाटलीवरची चिठ्ठी वाचून म्हणाला, "किरकोळ धातू! अरे लोथार, तू त्या खात्यातला ना? मग सांग, या हाताला कुठं आणि किती ग्रॅम चिकटवायचे?"

काहीतरी करायचं म्हणून मी त्याच्या हाताखाली हात धरला, बाटली स्थिर व्हावी म्हणून. तर ती आणखीच जोरात वाजायला लागली, कारण आता माझाही हात थरथरत होता.

वरून फ्राऊ फिस्टरर यांचं दार उघडलं. "कोण वाजवतंय ते? एक ते तीन शांततेची वेळ आहे!"

बाटली मात्र दोघांपैकी कुणी सोडली नाही.